ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नियमित सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत, त्यामुळे बँका, कॉल सेंटर आणि सरकारी-खासगी कार्यालयांनी असे संगणक काढून टाकायला घेतले. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर, त्यातले बरेचसे सडपातळ काळे डबे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड इथल्या रिफर्बिश्ड मालाच्या दुकानांत असे डबे आधीही होतेच, आता त्यांची भर पडली. एखादा डबा स्वस्तात घ्यायचा, त्यात ग्राफिक्स कार्ड टाकायचं आणि गेमिंग पीसी तयार करायचा, हा बेत कॉलेजातल्या मुलांमध्ये चांगलाच रुजला आहे. बेत चुकीचा नाही. पण तो आखताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘यात कोणतं कार्ड बसेल?’ मग चाचण्यांचे तक्ते पाहिले जातात, रुपयामागे किती फ्रेम मिळतात याचा हिशोब होतो आणि तक्त्यात वर असलेलं कार्ड मागवलं जातं. लहान कॅबिनेटच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा. कार्ड शेवटी निवडायचं. त्याआधी एसएमपीएस, जागा, स्लॉट आणि हवा या चार गोष्टी पाहायच्या.

कारण साधं आहे. कोणत्याही भागाची खरी किंमत दुकानातल्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. तो भाग बसवण्यासाठी आणखी काय काय बदलावं लागलं, ते सगळं त्या किमतीत धरावं लागतं. मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये हा जोडखर्च सहसा जाणवत नाही, कारण तिथे जागा सैल असते, एसएमपीएस बाजारात मिळणाऱ्या प्रमाण मापाचा असतो, एखादा पंखा वाढवायला भोकं तयार असतात. सडपातळ डब्यात यातलं काहीच नसतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या खरेदीला तंतोतंत लागू पडते: कार्ड स्वस्त मिळालं, पण त्याला लागणारी वीज डब्यातल्या एसएमपीएसला पुरत नाही, एसएमपीएस बदलायचा तर कंपनीने जोडण्या स्वतःच्या खास मापाच्या ठेवलेल्या, त्या बदलायच्या तर मदरबोर्डही बदला, आणि बोर्ड बदलला की कॅबिनेट निरुपयोगी. बजेटमधल्या अपग्रेडचा कस म्हणूनच एका प्रश्नावर लागतो: ही साखळी कुठे तोडता येते?

सुरुवात विजेपासून. मदरबोर्डवरचा पूर्ण लांबीचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्याहून अधिक हवं असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर यावी लागते: सहा पिनांची ७५ वॅटची किंवा आठ पिनांची १५० वॅटची. सडपातळ ऑफिस डब्यांमधले एसएमपीएस साधारण १८० ते २६० वॅटचे असतात आणि त्यातून अशी वायर सहसा निघतच नाही. आता बेरीज करू. कोअर आय५-८५०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर, ७० वॅटचं कार्ड, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून तीसेक वॅट, एकूण १६५. दोनशे वॅटच्या एसएमपीएसवर हे चालतं, फार ऐसपैस नाही, पण चालतं. त्याच जागी ११५ वॅटचं कार्ड धरलं की बेरीज २१० वर जाते आणि हिशोब तिथेच संपतो. काही जुन्या यंत्रांच्या मॅन्युअलमध्ये तर स्लॉटची मर्यादाच ७५ वॅटपेक्षा कमी दिलेली असते. ते पान वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इथे बाजार एक आडवाट दाखवतो आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या साटा जोडणीतून सहा पिनांची वायर काढून देणारे अडॅप्टर किरकोळ किमतीत मिळतात. साटा जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. म्हणजे साडेचार अँपिअर, म्हणजेच ५४ वॅट. सहा पिनांच्या तोंडाला मात्र कार्ड हक्काने ७५ वॅट मागू शकतं. त्यातच अलीकडच्या ब्रँडेड ऑफिस यंत्रांमध्ये एसएमपीएस फक्त १२ व्होल्ट देतो आणि साटाची वीज मदरबोर्डवरून एका बारीक वायरने येते. म्हणजे जो भार जाड वायरने थेट एसएमपीएसमधून यायचा, तो बोर्डाच्या छोट्या जोडणीतून ओढला जातो. यात प्लास्टिक वितळतं, बोर्ड जळतो आणि वाईट वेळ आली तर आगही लागते. ‘माझ्याकडे चाललं’ असं सांगणारे भेटतील. हलक्या गेममध्ये कार्ड पूर्ण वीज ओढत नाही म्हणून ते चाललेलं असतं. थोडे पैसे वाचवायला घरात हा धोका आणू नये.

दुसरी गोष्ट जागा. सडपातळ डब्यात लो-प्रोफाइल कार्डच बसतं, म्हणजे सुमारे ६९ मिलिमीटर उंचीचं; नेहमीचं कार्ड १०७ ते १११ मिलिमीटरचं असतं आणि काही त्याहूनही उंच. पण उंची जमली म्हणजे काम झालं असं नाही. बहुतेक लो-प्रोफाइल गेमिंग कार्डं दोन स्लॉट जाडीची आहेत. काही मॉडेलांत मुख्य स्लॉट अगदी कडेला असतो, मग कार्डाचा दुसरा थर एसएमपीएसला किंवा हार्ड डिस्कच्या साच्याला अडतो. मागची आखूड पट्टी खोक्यात आली आहे का, हेही विचारून घ्यावं. सेकंडहँड कार्डासोबत ती हमखास हरवलेली असते आणि सुटी मिळवणं जिकिरीचं. दुकानात जाण्याआधी डबा उघडून फूटपट्टीने मोजमाप घेणं आणि एसएमपीएसवरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवणं, एवढं केलं तरी निम्म्या चुका टळतात.

या दोन चाळण्यांतून खाली उरणारी कार्डं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० हे एप्रिल २०१९ चं, ७५ वॅटचं, ४ जीबीचं. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, जीटीए ५ यांना ते अजून पुरतं, पण त्यात रे-ट्रेसिंगची यंत्रणा नाही आणि कमी रिझोल्यूशनच्या चित्रातून जास्त फ्रेम काढून देणारं डीएलएसएसही नाही. एएमडीचं आरएक्स ६४०० हे २०२२ चं, अवघ्या ५३ वॅटचं आणि बहुधा एकाच स्लॉटात मावणारं. विजेच्या हिशोबाने सगळ्यात सोयीचं. त्याची गोम तिसऱ्या गोष्टीत, म्हणजे स्लॉटमध्ये आहे. या कार्डाला पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार लेन आहेत. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चार लेनमधून सेकंदाला सुमारे ७.९ जीबी माहिती जाते, तिसऱ्या पिढीत ती ३.९ जीबीवर येते. ज्या ऑफिस डब्यांत हे कार्ड टाकायचा मोह होतो ते जवळजवळ सगळे तिसऱ्या पिढीचे, कारण इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत चौथी पिढी अकराव्या मालिकेपासून आली. शिवाय कार्डावर मेमरी फक्त ४ जीबी. ती भरली की उरलेलं सामान मुख्य रॅममधून, याच अरुंद वाटेने आणावं लागतं आणि गेम अडखळतो. नव्या बोर्डावरच्या चाचणीचे आकडे बघून जुन्या डब्यासाठी हे कार्ड घेणं म्हणजे दुसऱ्याच्या घरचा हिशोब आपल्या वहीत उतरवणं. इंटेलच्या आर्क ए३८० चीही तीच तऱ्हा: ७५ वॅट, ६ जीबी, कागदावर उत्तम, पण रिसायझेबल बार नावाची सोय बोर्डात नसेल तर त्याची कामगिरी फार घसरते आणि जुन्या ऑफिस बोर्डांत ती सहसा नसते.

मग उरतं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी रूप, फेब्रुवारी २०२४ चं, ७० वॅटचं, वेगळी वायर न मागणारं, आठ लेनचं. हे कार्ड बाजारात आलं तेव्हा त्याच्यावर रास्त टीका झाली. ८ जीबीच्या ३०५० मध्ये २५६० कोअर आणि सेकंदाला २२४ जीबीची मेमरी. ६ जीबीमध्ये २३०४ कोअर आणि १६८ जीबी. एवढा फरक असूनही नाव तेच ठेवणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. टॉवर कॅबिनेट असलेल्याने हे कार्ड घेऊच नये. तिथे १३२ वॅटचं आरएक्स ६६०० त्याला सहज मागे टाकतं. पण सडपातळ डब्यात आरएक्स ६६०० बसतच नाही. तिथे हेच टीका झालेलं कार्ड नव्या मालात सर्वांत समंजस निवड ठरतं. कार्ड तेच, कॅबिनेट बदललं की निकाल बदलतो, आणि तक्त्यांना हे सांगता येत नाही कारण त्यांची चाचणी मोकळ्या टेबलावर, मोठ्या एसएमपीएसवर झालेली असते. सेकंडहँड घेण्याची तयारी असेल तर वर्कस्टेशनसाठी बनवलेलं आरटीएक्स ए२०००, २०२१ चं, याहून सरस आहे: तेवढ्याच ७० वॅटमध्ये ३३२८ कोअर. त्याला मिनी डिस्प्लेपोर्ट असतात, म्हणून मॉनिटरसाठी अडॅप्टर धरून हिशोब करावा. लो-प्रोफाइल आरटीएक्स ४०६० आणि ५०६० ही कार्डंही निघाली आहेत, पण ती अनुक्रमे ११५ आणि १४५ वॅटची. उंची कमी असली तरी ऑफिस डब्यासाठी ती नाहीत.

यावर एक जोरदार आक्षेप घेतला जातो, आणि तो घेणाऱ्यांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे. ते म्हणतात, ६ जीबी ३०५० च्या पैशात थोडी भर घातली तर दीडपट ताकदीचं कार्ड मिळतं, मग डब्यासाठी तडजोड का? कॅबिनेटच बदला. खरं आहे, पण कधी बदलायचं तेही ठरवायला हवं. डबा अजून विकत घेतलेला नसेल तर सडपातळ मॉडेल घेऊच नका. त्याच ऑप्टिप्लेक्स किंवा एलिटडेस्कचं टॉवर रूप रिफर्बिश्ड बाजारात मिळतं. त्यात पूर्ण उंचीचं कार्ड बसतं आणि काही मॉडेलांत सहा पिनांच्या वायरसह मोठा एसएमपीएसही असतो. पण डबा आधीच घरात असेल, तर ‘कॅबिनेट बदला’ या दोन शब्दांत कॅबिनेट, एसएमपीएस, बोर्ड आणि बहुधा प्रोसेसर-रॅम हे सगळं आलं. कार्डातल्या फरकासाठी टाकलेली ‘थोडी भर’ तेव्हा थोडी राहत नाही. तेवढे पैसे हाताशी असतील तर ते अपग्रेड राहिलेलं नाही, नव्या पीसीची खरेदी झाली. तिचा विचार स्वतंत्रपणे, जुना डबा विकून किती येतात ते धरून करावा.

प्रोसेसरबद्दल घाबरवणारं बरंच बोललं जातं. ‘बॉटलनेक’ होईल, कार्ड वाया जाईल, अशी भीती घातली जाते. ७० वॅटचं कार्ड आणि ६० हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर असेल तर सहा कोअरचा आय५-८५०० त्याला अडवत नाही. सातव्या पिढीपर्यंतचे आय५ मात्र चार कोअर, चार थ्रेडचे आहेत आणि आजच्या मोठ्या गेममध्ये ते धापा टाकतात; सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात, पण मधूनच झटके बसतात. आठव्या पिढीपासून पुढचाच डबा घ्यावा असं मी म्हणतो त्यामागे हे एक कारण. दुसरं कारण विंडोज ११ चं. त्यावर व्हॅलोरंट चालवायला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही सुरू लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट हवं. यादीबाहेरच्या प्रोसेसरवर युक्तीने विंडोज ११ चढवलं तरी या गेममधल्या फसवेगिरी रोखणाऱ्या प्रणाली ऐनवेळी दार बंद करू शकतात. हजार-दोन हजार वाचवून सातव्या पिढीचा डबा घेण्यात म्हणून फायदा नाही.

ज्यांच्याकडे ऑफिस डबा नसून स्वतः जोडलेला मिनी-आयटीएक्स पीसी आहे, त्यांची गोष्ट वेगळी आणि बरीच आशादायक आहे. १७ सेंटिमीटर चौरसाचा बोर्ड, एसएफएक्स मापाचा एसएमपीएस, म्हणजे सगळं प्रमाण मापाचं. एएमडीचं एएम४ सॉकेट इथे ग्राहकाच्या बाजूने उभं राहतं. २०१७-१८ च्या बी३५०-बी४५० बोर्डांवर, बायोस अद्ययावत करून, रायझन ५ ५६०० किंवा ९६ एमबी एल३ कॅश असलेला ५८००एक्स३डी बसतो. बोर्ड तोच, रॅम तीच, फक्त प्रोसेसर नवा. आता रॅम ‘तीच’ राहण्याला फार मोल आलं आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सचा पुरवठा ओढून घेतला आणि किरकोळ बाजारात रॅमचे भाव दुपटीच्या पुढे गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रुशिअल’ हा ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. नव्या एएम५ सॉकेटला डीडीआर५ शिवाय पर्याय नाही, म्हणजे सॉकेट बदलणाऱ्याला रॅमही नव्या भावाने घ्यावी लागते. घरात १६ जीबी डीडीआर४ पडून असेल तर जुनं सॉकेट सोडण्याची घाई करण्यासारखा काळ हा नाही. मात्र आयटीएक्स बोर्डवर रॅमचे दोनच स्लॉट असतात. ८-८ च्या दोन कांड्या घेतल्या आणि पुढे ३२ जीबी हवी झाली, तर दोन्ही काढून विकाव्या लागतात. एकच कांडी लावून ठेवणंही महागात पडतं, कारण ड्युअल चॅनल सुटतं: डीडीआर४-३२०० ची एक कांडी सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन मिळून ५१.२.

एएम४ मध्येही एक सापळा आहे. ५६०० आणि ५६००जी ही नावं जुळ्या भावांसारखी वाटतात. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आत असतं, म्हणून ‘आधी तो घेऊ, कार्ड नंतर’ असा विचार होतो. पण त्यात एल३ कॅश ५६०० च्या निम्मी, १६ एमबी, आणि पीसीआय एक्सप्रेस तिसऱ्याच पिढीचं. पुढे चार लेनचं कार्ड घेतलं तर आरएक्स ६४०० ची वर सांगितलेली अडचण नव्या बोर्डावरही येणार. कार्ड सहा महिन्यांत घेणारच असाल तर ५६०० घ्यावा. कार्ड कधीच घ्यायचं नसेल तर ५६००जी, किंवा नव्याने सुरुवात असेल तर रेडिऑन ७६०एम आत असलेला ८६००जी, हे प्रामाणिक पर्याय आहेत. व्हॅलोरंट खेळणाऱ्याला कार्डाची गरज नाही हे दुकानदार क्वचितच सांगतो.

चौथी गोष्ट हवा. उष्णतेचा मुद्दा आपल्याकडे जास्त गंभीर आहे आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. हवेने थंडावा देणारी कोणतीही यंत्रणा चिपचं तापमान खोलीतल्या हवेच्या तुलनेतच खाली आणते. चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूरला बाहेर ४५ अंश असताना पत्र्याखालची किंवा वरच्या मजल्यावरची खोली चाळिशीत असते. म्हणजे चाचणीत ७० अंशांवर राहिलेली चिप इथे ८५ वर जाते आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करते. विकत घेतलेल्या फ्रेम अशा उन्हाळ्यात विरून जातात. दोन सारखी कार्डं असतील तर कमी वॅटचं घ्यावं, ते यासाठीही. कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून वीसेक टक्के खाली आणणं हा फुकटातला उपाय आहे; फ्रेम थोड्याच कमी होतात, उष्णता आणि पंख्याचा आवाज मात्र पुष्कळ उतरतो. वीज जाण्याचा जाच असलेल्या गावांत लहान यंत्राचा एक फायदाही आहे: घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो, आणि १६५ वॅटच्या डब्याला त्यावर गेम सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ आरामात मिळतो.

सेकंडहँड बाजाराला सरसकट नाकारणं मला पटत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरिअम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग तोट्याचं झालं. तेव्हाची कार्डं अजून फिरत आहेत आणि त्यातली बरीच नीट चालतात. पंखे आणि थर्मल पेस्ट बदलायची तयारी ठेवावी, बिल आणि सीरियल नंबर जुळतात का पाहावं. सावध राहायचं ते ‘नवं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आरएक्स ५८० बद्दल. २३०४ कोअरच्या जागी २०४८ कोअर असलेलं त्याचं रूप त्याच नावाने येतं. शिवाय १८५ वॅटचं हे २०१७ चं कार्ड लहान कॅबिनेटसाठी कधीच नव्हतं.

एवढी यातायात करण्यापेक्षा कन्सोल घ्या, असंही सुचवलं जातं. ज्याला फक्त दिवाणखान्यात बसून खेळायचं आहे त्याने जरूर घ्यावा. पण आपल्याकडचा बजेट पीसी बहुतेक घरांत एकमेव संगणक असतो. त्यावर प्रोजेक्ट होतो, टॅलीचा क्लास होतो, बहिणीचं सीए फाउंडेशनचं व्याख्यान चालतं. कन्सोलमागचा खर्च या कामांसाठी लागणाऱ्या यंत्राच्या वर येतो. कार्डाचा खर्च त्याच यंत्रात मिसळतो.

शेवटचा आक्षेप भविष्याचा: ६ जीबीचं कार्ड किती टिकेल? २०२४ च्या डिसेंबरमध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ या दोन्ही खेळांना रे-ट्रेसिंग सक्तीचं आहे आणि किमान ८ जीबीचं कार्ड लागतं. ७५ वॅटच्या स्लॉटवर चालणाऱ्या स्वस्त कार्डांपैकी आज एकही ही अट पूर्ण करत नाही. जुन्या डब्यात हे गेम नीट खेळायचे बेत कोणी करू नयेत, आणि ते चालतील म्हणून जास्तीचे पैसेही घालू नयेत. पण जानेवारी २०२५ पासून सुधारलेलं डीएलएसएस सगळ्या आरटीएक्स कार्डांना मिळतं, ३०५० लाही; १०८०पी वर मध्यम सेटिंग ठेवून गेल्या दहा वर्षांतले शेकडो उत्तम गेम त्यावर खेळता येतात, आणि त्यातले बरेचसे आता सेलमध्ये काही शे रुपयांना मिळतात. ज्याला नेमके नवे रे-ट्रेसिंगवाले गेमच खेळायचे आहेत, त्याने सडपातळ डब्यात एक रुपयाही न घालता पैसे साठवावेत आणि आरएक्स ६६०० किंवा त्यावरचं ८ जीबीचं कार्ड मावेल असा टॉवर घ्यावा. जुना डबा घरच्या कामांना राहू द्यावा.